मुठीतलं पाणी

मागच्या वर्षी उत्तरा नक्षत्रातली एक सकाळ मनातून जात नाही. गोठ्याच्या पडवीत आदल्या दिवशी भरलेल्या मुरघासाच्या, म्हणजे हवा कोंडून मुरवायच्या हिरव्या चाऱ्याच्या, गाठी दोन थरांत रचून ठेवल्या होत्या. पांढऱ्या, गोल, पाण्यानं निथळणाऱ्या, कारण रात्रभर पावसानं पत्र्यावर ताल धरला होता आणि वाऱ्यानं पडवीत झड आली होती. मी धारा काढायला उठलो तर आई माझ्या आधीच तिथं उकिडवी बसलेली. खालच्या थरातल्या एका गाठीच्या प्लास्टिकला कुठंतरी बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून हिरवट तपकिरी रस थेंबाथेंबानं गळत होता. त्याचा ओघळ फरशीवरून पार मूत्रीच्या नाल्यापर्यंत गेला होता. आईनं गाठीखाली जुनं घमेलं सरकवलं होतं. बांधकामातलं, कडेला वाळलेलं सिमेंट चिकटलेलं. त्यात पसाभर रस साठला होता. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता ती म्हणाली, "सगळं सत्त्व चाललंय रे भाऊ." मग तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. मूठ मिटली, उघडली, परत मिटली. मी बादली घेऊन गाईंकडं वळलो.

तिचं ते मूठ मिटून बघणं मला कळायला चार दिवस लागले.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, अकोले आणि संगमनेरच्या मधल्या पट्ट्यात. वर घाटघर-रतनवाडीला आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असतो तेव्हा आमच्याकडं नुसता गार वारा आणि भुरभुर, आणि खाली संगमनेरच्या पुढं गेलं की तीही नाही. एका दिवसात दुचाकीवरून तीन ऋतू पाहता येतात इतकं हे अंतर थोडं आहे. लहानपणापासून सवय अशी की आभाळाकडं बघायचं म्हणजे पश्चिमेकडं बघायचं. कळसूबाईच्या अंगाला काळं झालं की घरात घ्यायचं ते घ्यावं. पण हे गणित आषाढ-श्रावणापुरतं. उत्तरा लागली की पाऊस कुठूनही येतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी डोकं भणभणेल असा उकाडा, चारला पूर्वेकडून ढगांचा डोंगर उठतो, गडगडतं, आणि शेजारच्या शिवारात धो धो पडून आपल्या बांधावर थांबतं. किंवा थांबत नाही. नेमक्या याच दिवसांत गिन्नी गवत, आमच्याकडं संकरित नेपियरला हेच म्हणतात, छातीच्या वर गेलेलं असतं. ठेवलं तर ताटं जून होतात, लाकडासारखी कडक, गाई पानं ओरबाडतात आणि ताटं गव्हाणीत टाकतात. कापलं तर एवढा हिरवा चारा एका वेळी खाणार कोण? म्हणून मुरघास करायचा, आणि मुरघास करायचा तर आधी गवत सुकवायचं. सुकवायचं म्हणजे वाळवायचं नाही. नुसतं कोमेजू द्यायचं.

या कोमेजू देण्यात सगळं आहे. मक्याचा मुरघास करणाऱ्याला ही काळजी फार नसते. दाणा चिकातून घट्ट व्हायला लागला की मका उभ्या उभ्याच बेताचा होतो, कापला की कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, आणि भरला. नेपियर तसं नाही. दीड-दोन महिन्यांच्या नेपियरमध्ये शंभर किलोमागं ऐंशी किलो पाणीच असतं, कधी त्याहून जास्त. ते सत्तरवर तरी आणायला हवं. ऐकताना दहाचाच फरक वाटतो. मी एकदा वहीत हिशेब मांडला. शंभर किलोत कोरडा चारा वीस किलो, तो तेवढाच राहणार, मग पाणी सत्तर टक्के व्हायला गवताचं वजन सदुसष्ट किलोवर यायला हवं. म्हणजे शंभर किलोतून तेहतीस किलो पाणी उडून जायला पाहिजे. आमच्या बारा गुंठ्यांत साधारण पाच टन गवत निघतं. त्यातलं सोळाशे लिटरहून जास्त पाणी दोन दिवसांत वर जायला हवं, आणि तेही आधीच पाण्यानं भरून ओथंबलेल्या आभाळात. हिशेब झाल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलो होतो. आपण आभाळाकडं पाणी मागतो हे ठाऊक होतं. पाणी परत घे म्हणूनही त्याच्याच तोंडाकडं बघावं लागतं, हे तेव्हा कळलं.

आणि बाबा रे, थांबायचं म्हणून नुसतं थांबूनही चालत नाही. कापलेलं गवत मेलेलं नसतं. ते रानात आडवं पडलेलं असतं तेव्हाही श्वास घेत असतं, आणि श्वासापायी स्वतःच्या अंगातली साखर जाळत असतं. त्या साखरेवरच मुरघास मुरायचा असतो. हवा कोंडली की आंबवणारे जिवाणू ती साखर खातात, आम्ल तयार करतात, आणि आम्ल पुरेसं झालं की चारा तिथंच थबकतो, मग महिनोन्‌महिने नासत नाही. लवकर भरावं तर पाणी जास्त, आम्ल पातळ पडतं, कुजवणाऱ्यांचं फावतं. उशिरा भरावं तर साखर संपलेली. मधे पाऊस आला तर राहिलेली साखर धुऊन जाते, वर पानांवर मातीचे शिंतोडे उडतात, आणि नासवणारं बरंचसं मातीतूनच येतं. नेपियरमध्ये मुळात साखर कमी, म्हणून आम्ही शंभर किलो कुट्टीला दोन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडतो. फिनलंडच्या एका शास्त्रज्ञानं, आर्तुरी विर्तानेन यांनी, जिवाणूंची वाटच न बघता चाऱ्यावर सरळ पातळ केलेलं आम्ल घालायची रीत काढली होती. तिकडचा उन्हाळा छोटा, पावसाचा भरवसा नाही. त्या कामासाठी त्यांना १९४५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अगदी भरून आलं होतं. गाईच्या पुढ्यातल्या ओल्या गवताची काळजी कुणीतरी एवढी मोठी मानली होती.

तर मागच्या वर्षीचे ते दोन दिवस. पहिल्या दिवशी दव उठल्यावर, दहाच्या सुमाराला कापायला घेतलं. चौघं होतो. दुपारपर्यंत बारा गुंठे आडवे झाले. नेपियर कापताना पानांच्या करवती कडा मनगटाला चिरत जातात, घामानं ते झोंबतं, आणि वास असा येतो की दिवसभर जेवताना हाताला तोच. पातळ थरात पसरून दिलं. ऊन होतं, पण फुटकं. ढग येई, सावली सगळ्या रानावरून चालत जाई, परत ऊन. तीनला दाताळ्यानं उलटलं. पानांची टोकं वळायला लागली होती. हिरव्याचा तजेला उतरून त्यावर राखेचा हात फिरवल्यासारखा रंग आला होता. आवाजही बदलतो, हे मला फार आवडतं. ताजं गवत पायाखाली करकरतं, कोमेजलेलं सळसळतं. पण ताटं अजून टणटणीत होती. पान दोन तासांत मान टाकतं, ताट दोन दिवस ऐकत नाही. रात्री दव पडलं, दिवसभर गेलेलं पाणी थोडं परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य दिसलाच नाही. अकरापर्यंत नुसता उकाडा. फोनवर चार वाजता पावसाची शक्यता चाळीस टक्के. या चाळीसचं करायचं काय, हे आजवर मला कुणी नीट सांगू शकलेलं नाही. चाळीस टक्के रान भिजणार असतं तर मी साठ टक्के वाचवलं असतं.

गाठी बांधणारं मशीन आमचं नाही. ते भाड्यानं येतं. ट्रॅक्टरमागं ओढून आणतात. एका बाजूनं कुट्टी आत जाते, पट्ट्यांमध्ये गोल फिरून दाबली जाते, सुतळी बसते, मग प्लास्टिकचे वेढे, आणि साठ-सत्तर किलोची गाठ बाहेर घरंगळते. पूर्वी आम्ही मोठ्या पिशव्या भरायचो, आत उतरून पायानं तुडवायचो. मी, बायको, पोरं, आळीपाळीनं. संध्याकाळी पोटऱ्या ताठायच्या. मशीननं ते कष्ट वाचवले आणि गाठ एकट्या बाईला लोटत नेता येते. पण मशीनची पाळी असते. सप्टेंबरात सगळ्या पंचक्रोशीला ते एकाच आठवड्यात हवं असतं. आपली पाळी गेली की परत कधी, ते मशीनवालाही सांगू शकत नाही. आमची पाळी त्या दिवशी दुपारी एकची होती. बरोबर एकला तो मुलगा ट्रॅक्टर घेऊन रानात हजर. "काय दादा, लावायचं ना?" पूर्वेला ढग वर चढत होते.

मी एक पेंढी कुट्टीच्या यंत्रातून काढली आणि सवयीनं आईपुढं धरली.

ही परीक्षा आमच्याकडं तिची. कुट्टी मुठीत गच्च दाबायची. बोटांतून पाणी टपकलं तर अजून ओली. मूठ उघडताच गोळा सुटून पसरला तर फाजील सुकली. गोळा हातावर क्षणभर राहून सावकाश उकलला आणि तळहात नुसता दमटला, तर भरा. कृषी सहायकापासून माहितीपत्रकापर्यंत सगळे हेच सांगतात, पण आमच्या घरी हे पत्रकांच्याही आधी आईच्या हातात होतं, कारण ती पूर्वी कुरडयांचा चीक, पापडाचं पीठ, सारवणाचं शेण, सगळं मुठीवरच जोखायची. तिनं कुट्टी घेतली, दाबली. उघडली. तळहात माझ्यापुढं केला. दमट, पण थेंब नाही. "पाणी नाय सुटत. भर," ती म्हणाली. मी मशीनवाल्याला हात केला.

मी स्वतःची मूठ दाबून पाहिली नाही. बाकी सगळं मी पावसावर, मशीनच्या पाळीवर, फोनवर घालू शकतो. हे एक माझं.

चौथ्या-पाचव्या गाठीलाच मशीनखाली हिरवं पाणी टपकायला लागलं. मशीनवाला मुलगा एकदा खाली वाकला, एकदा माझ्याकडं बघितलं, बोलला काही नाही. ढग निम्म्या आभाळावर आले होते. आता थांबायचं कसं? एक्कावन्न गाठी झाल्या. शेवटची गाठ पडवीत लोटली आणि पहिला टपोरा थेंब पत्र्यावर वाजला. चाळीस टक्क्यांचा तो पाऊस पुढं तीन दिवस राहिला. म्हणजे त्या दिवशी भरलं नसतं तर सगळंच गेलं असतं, रानातच काळं पडलं असतं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. ते खरंही आहे. तरी थेंब थेंब घमेल्यात पडणारा तो रस डोळ्यांपुढं येतोच.

घमेल्याचं कारण मला ठाऊक आहे. बाहत्तरच्या दुष्काळात आई दहा वर्षांची होती. सुकडी, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी, खडी फोडायच्या कामावर आईच्या मागं मागं जाणं, हे ती कधीमधी सांगते, जणू दुसऱ्या कुणाचं असावं तशा सुरात. पण एक गोष्ट सांगताना आवाज बदलतो. वैरण संपली तेव्हा तिच्या वडलांनी छपरावर चढून शाकारणीचं जुनं, धुरानं काळं झालेलं गवत उपसलं आणि बैलांपुढं टाकलं. त्या रात्री घरातून चांदण्या दिसत होत्या. बैलांनी ते खाल्लं. आठवडाभर पुरलं. मग बैल बाजारात गेले. ज्या बाईनं डोक्यावरचं छप्पर जनावरांच्या पोटात जाताना पाहिलं, तिच्यापुढं बारा गुंठे हिरवंगार गवत उघड्यावर पडलंय आणि पूर्वेकडून ढग चढतायत. दोन हजार तेराला माण, आटपाडीकडच्या चारा छावण्यांची दृश्यं टीव्हीवर लागायची तेव्हा ती उठून दुसरं काम काढायची. घमेल्यातला तो रस तिनं त्या दिवशी वाळल्या कडब्यावर शिंपडला. गाईंनी तो कडबा चाटूनपुसून खाल्ला. तो रस म्हणजे खरोखर सत्त्वच असतं, साखर आणि प्रथिनं घेऊनच तो गळतो. ती चुकीचं काही बोलली नव्हती.

चार दिवसांनी ती मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला घेऊन आली. मी उघडलं, दिलं, ती वळली, आणि मी तसाच उभा राहिलो. हे झाकण ती माझ्याकडं कधीपासून आणतेय? दोन वर्षं? तिच्या भाकरी जाड झाल्यात हे जाणवलं होतं, पण भाकरी थापणाऱ्या हाताकडं कोण बघतं. धुणं पिळायचं तिनं सोडलं होतं, नुसतं झटकून ओलंच दांडीवर टाकायची, खाली पाण्याचं थारोळं व्हायचं. बायको एकदा बोललीही होती. ज्या हातांनी तिनं धारेचं मशीन यायच्या आधीची पंधरा वर्षं दोन्ही वेळा सहा सहा जनावरांच्या धारा काढल्या, त्या हातांतला पीळ हळूहळू उतरत गेला होता, आणि आमच्या घरातलं ओलं-सुकं जोखायचं माप तेच होतं. मूठ दाबली जाते ती जोरावर. जोर कमी झाला की पाणी सुटत नाही, आणि कुट्टी सुकलेली वाटते. त्या सकाळी घमेल्यापाशी बसून तिनं मूठ मिटून पाहिली ती त्यासाठी.

की नाही? कधी कधी दुसरंच मनात येतं. तिच्या मुठीत जोर नाही हे तिला माझ्या आधी ठाऊक असणारच. झाकण घेऊन येणारी तीच होती. कदाचित तिनं मूठ दाबलीच नसेल, नुसती मिटली असेल. ढग पाहून ठरवलं असेल की थोडं नासलं तरी चालेल, पण रानात एक पान पडून राहता कामा नये. आणि मला हो-नाहीच्या कात्रीत न धरता तिनं ते माझ्यावतीनं ठरवून टाकलं असेल. मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, आणि दोन्हींपैकी कुठलं खरं ऐकायला मी तयार आहे, ते मला ठरवता येत नाही.

पंचेचाळीस दिवसांनी, दिवाळीच्या पाठोपाठ, पहिली गाठ फोडली. ती वरच्या थरातली, सगळ्यात शेवटी भरलेली होती. आत पिवळसर हिरवा, शेवाळी रंग, ओलसर पण सुटा चारा, आणि वास, तो मी कशाशी ताडून सांगू, ताकाचा आंबटपणा आणि मुरत्या लोणच्याचा तिखटपणा यांच्या मधला काहीतरी. मुरघास हा शब्द किती नेमका आहे. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, आणि नात्यातली बोलणीही आत कुठंतरी मुरतात. गाईंनी माना लांबवल्या. धार काढून झाल्यावरच घालायचा, नाहीतर दुधाला वास लागतो, म्हणून मी त्यांना जरा तिष्ठत ठेवलं. सहाव्या गाठीला मात्र सुरी लावली आणि पोटात ढवळलं. काळपट, बुळबुळीत, पिळल्यासारखा ओला गोळा. खवट लोण्याचा, कुबट वास, साबणानं दोनदा धुतला तरी हाताला राहिला. चांदीनं, आमच्या थोरल्या गाईनं, एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. एक्कावन्नपैकी चौदा गाठी तशा निघाल्या. आई प्रत्येक गाठ फोडताना येऊन उभी राहायची. चांगली निघाली की परत जायची, खराब निघाली की न बोलता फावडं घ्यायची आणि सगळी घाण उकिरड्यावर नेऊन त्यावर माती लोटायची. मी घेतो म्हटलं तरी देत नव्हती.

वर घाटाकडं मामाच्या गावाला डांगी जनावरं होती. काळी-पांढरी, कातडीला तेलाची तुकतुकी, पावसात उभी राहिली तरी पाणी ओघळून जायचं. त्यांना डोंगरचं वाळलं गवत पुरायचं. दिवाळीनंतर पोपटी डोंगर सोनेरी झाला की गवत कापायचं, भारे वाहायचे, घराशेजारी गंजी रचायची. झालं. त्या कामात ओलं किती, सुकं किती हा प्रश्नच नव्हता. ऊन स्वच्छ असे, गवत आपसूक वाळलेलं असे. आम्ही मात्र जास्त दुधाची गाय घेतली, आणि तिला बारा महिने ओला चारा हवा. मला ती गाय नको आहे असं नाही. पोरांची शिक्षणं तिच्यावर झाली. पण भर पावसाळ्यात उघडीप शोधत गवत सुकवण्याचा हा जुगार तिच्या मागूनच घरात आला.

यंदाही उत्तरा लागली. गवत आडवं केलं, सुकवलं. तिसऱ्या दिवशी मशीनची पाळी. यावेळी मी एक दिवस जास्त मागून घेतला होता, शेजाऱ्याला माझ्या आधीची पाळी देऊन. आभाळ भरलेलं होतं, पण वारा कोरडा होता. मी पेंढी कुट्टीतून काढली आणि माझा हात आपसूक आईकडं गेला. तिनं कुट्टी घेतली, नाकाशी नेली, थोडी चघळून पाहिली आणि थुंकली. मग माझा तळहात ओढून त्यावर ठेवली. "तू दाब," म्हणाली. दाबली. गार लागलं, बोटांच्या बेचक्यांत ओल आली, पाणी नाही. उघडली तर गोळा क्षणभर तसाच राहिला आणि मग सावकाश उकलला. ती माझ्या हाताकडं बघत होती. मी मशीनवाल्याला हात केला. तो ट्रॅक्टर मागं घेत होता तेव्हा मला दिसलं, मशीनच्या तोंडाखाली तिनं ते सिमेंट चिकटलेलं घमेलं आधीच आणून ठेवलं होतं. संध्याकाळी ते उचललं तेव्हा त्यात पाच-सहा वाळकी पानं आणि थोडी कुट्टी होती.